पिवळ्या लेबलाचा गुच्छ

हाउन्स्लो, लंडन
२० जून

ती. सौ. वहिनीस,
शि. सा. न. वि. वि.

पाकीट नेहमीसारखं बोट घालून टरकावलं नसेल अशी आशा आहे. टरकावलं असेल तर पुढचं वाचण्याआधी कागदाचा खालचा उजवा कोपरा तपासा. तिथे जो जांभळा-पिवळा चेहरा तुमच्याकडे रागाने बघतोय तो शाईचा डाग नाही. ती पॅन्सी आहे. आमच्या दारातल्या कुंडीतली, चार आठवडे दाबून वाळवलेली. हिने ती आधी कागदावर चिकटवली, मग कागद माझ्यापुढे सरकवला आणि म्हणाली, "आता लिहा वहिनींना. पण फुलाला पेन लागता कामा नये." तेव्हा शेवटी शेवटी माझ्या ओळी पसरणीच्या घाटासारख्या वळायला लागल्या, तर माझ्या तब्येतीची काळजी करू नका.

व्हॉट्सअ‍ॅप असताना हा पत्राचा उपद्व्याप कशाला, असं दादा विचारेल. त्याला सांगा, व्हॉट्सअ‍ॅपला डिंक लागत नाही. तो स्वतः रोज सकाळी सहा वाजता ग्रुपवर दवबिंदूंसकट जो गुलाब टाकतो, त्यातला एकही आजवर वाळलेला नाही, हे मान्य. पण त्याला फूल टिकवणं म्हणत नाहीत.

सुरुवात माझ्यापासूनच झाली. आमच्या लग्नाच्या वाढदिवसाचा घोळ तुम्हाला ठाऊक आहे. ही अक्षय्य तृतीयेला धरून बसते आणि मी तारखेला, त्यामुळे गेली बावीस वर्षं दोघांनाही समोरचा विसरला असं वाटत आलंय. यंदा मी ठरवलं, भानगड मिटवायची. ऑफिसातून येताना सुपरमार्केटात शिरलो आणि गुच्छ घेतला. तांबडे गुलाब, पांढऱ्या लिली, गुलाबी कार्नेशन आणि मध्ये मध्ये ते जिप्सोफिलाचं बारीक पांढरं, साबुदाण्याच्या फुलोऱ्यासारखं. (साबुदाणा हा शब्द लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.)

इथल्या सुपरमार्केटात संध्याकाळी एक देवमाणूस हातात यंत्र घेऊन फिरतो आणि मुदत संपत आलेल्या मालावर पिवळी लेबलं डकवतो. बारा पौंडांचा गुच्छ तीन पौंडांना. वहिनी, तुम्ही वाईच्या बाजारात संध्याकाळी साडेसातला भाजीला जाता ते काय उगीच? मी लेबल नखाने खरवडून काढलं, कोटाच्या खिशात टाकलं आणि घरी येऊन गुच्छ पुढे केला.

ही काही बोलली नाही. आधी गुच्छाकडे पाहिलं, मग माझ्याकडे, मग परत गुच्छाकडे. आणि म्हणाली, "हा मी टिकवणार."

आता तुम्हीच सांगा, आपल्या घरात कधी कुणी फूल टिकवलंय? सकाळी परडीत, दुपारी देवावर, दुसऱ्या दिवशी निर्माल्य, आणि आई ते साठवून कृष्णेत सोडायची. फुलाचं काम झालं की फूल मोकळं. आपण जपली ती फक्त विद्या, तीही वहीत, पास होण्यासाठी. आणि मोरपीस, पेन्सिलीचा भुसा खाऊ घालून, पिल्लं होतील म्हणून. एक अपवाद मात्र होता. दादाच्या लॉग टेबलच्या पुस्तकात एक वाळका सोनचाफा होता. मी सातवीत असताना तो पाहिला आणि गप्प बसण्याचे त्याच्याकडून दोन रुपये घेतले. तुमचं लग्न त्यानंतर नऊ वर्षांनी झालं. अधिक काही लिहीत नाही.

तर टिकवणं. हिने ग्रंथालयातून दोन पुस्तकं आणली आणि पहिल्याच पानावर मला अपराधी ठरवलं. फुलं दाबायची तर ताजी हवीत, सकाळी दव वाळल्यावर पण ऊन चढायच्या आत तोडलेली. शिळ्या फुलाचा रंग आधीच उतरणीला लागलेला असतो, दाबून तो परत येत नाही. "तुमचा गुच्छ जरा थकलेला वाटत नाही का हो?" ती म्हणाली. मी म्हटलं, लंडनची हवा.

लंडनची हवा हा या उद्योगातला खरा शत्रू आहे. सारा खेळ शर्यतीचा असतो: फुलातलं पाणी आधी बाहेर पडतं की बुरशी आधी आत शिरते. आपल्याकडे एप्रिलमध्ये गच्चीवर कुरडया टाकल्या की संध्याकाळी कडकडीत. इथे मे महिन्यात रुमाल वाळायला दोन दिवस. म्हणून फूल टीपकागदात ठेवायचं, वरखाली वर्तमानपत्र, त्यावर वजन, आणि पहिले काही दिवस कागद रोज बदलायचे. ओले कागद तसेच राहिले की फुलाचा मुरांबा होतो. कागद साधा हवा, गुळगुळीत चकचकीत मासिकाचा चालत नाही, तो पाणी पीतच नाही. मग काय, स्टेशनवर जो पेपर फुकट मिळतो त्याचे रोज चार चार अंक मी काखोटीला मारून आणू लागलो. शेजारच्या इंग्रज आजोबांना वाटतंय की मी राजकारणात पडलो.

वजनाचा प्रश्न आला तेव्हा हिची नजर मराठी विश्वकोशाच्या खंडांवर गेली. आठवतं, तर्कतीर्थांच्या वाईत राहून घरात विश्वकोश नाही म्हणजे काय, असं म्हणून दादाने ते मला घ्यायला लावले आणि त्यातले तीन खंड मी जादा सामानाचे पैसे भरून इथे आणले? आजवर त्यांना कुणी उघडलं नव्हतं. आता उघडायला बंदी आहे. परवा एक शब्द अडला म्हणून मी हात घातला तर ही स्वयंपाकघरातून ओरडली, "अहो, त्यात कार्नेशन आहे!" शिवाय दाते पंचांगात फर्न, आमच्या लेकीच्या, सईच्या रसायनशास्त्राच्या पुस्तकात हायड्रेंजियाचे सुटे तुरे, आणि माझ्या पासपोर्टात काय आहे ते मी अजून बघितलेलं नाही.

मी इंजिनिअर. दगड ठेवल्यासारखी पुस्तकं रचणं मला बघवेना. गराजमध्ये शिरून मी रीतसर प्रेस बनवला. प्लायवूडच्या दोन फळ्या, चार कोपऱ्यांना चार बोल्ट, मध्ये पन्हाळीच्या पुठ्ठ्यांचे थर म्हणजे हवा खेळेल. इथपर्यंत सगळं पुस्तकाबरहुकूम. पण पुस्तकात नट 'हाताने, बेताचे' आवळा असं लिहिलं होतं, आणि बेताचे म्हणजे किती याचा आकडा दिला नव्हता. आकडा नसला की मला अस्वस्थ होतं. मी टॉर्क रेंच काढला.

आठ दिवसांनी प्रेस उघडला. लिली नव्हती. लिलीच्या आकाराचा एक ओलसर तपकिरी नकाशा होता, आणि तो तिन्ही टीपकागदांतून पार होऊन थेट पंतप्रधानांच्या फोटोवर उमटला होता. हिने तो कागद माझ्या हातात ठेवला. नंतर पुस्तकातच सापडलं की लिली, ट्यूलिप असली जाड, पाणीदार मंडळी मुळात दाबायची नसतातच. दाबायला अंगाने पातळ आणि तोंडाने सपाट फूल हवं. पॅन्सी म्हणजे देवाने दाबण्यासाठीच घडवलेली. गुलाब दाबायचा तर पाकळ्या सुट्या करून, आणि वाळल्यावर कागदावर पुन्हा जुळवून बसवायचा. तांबड्या गुलाबाचं मात्र आणखी एक दुखणं आहे, वाळला की तो मरून होतो, मग जवळजवळ काळा. पांढरं फूल जुन्या धोतरासारखं पिवळट पडतं. रंग धरून ठेवतात ते पिवळे आणि निळे-जांभळे. म्हणजे प्रेमाचा म्हणून जो रंग दुकानात सर्वांत महाग विकतात, तोच सर्वांत आधी दगा देतो. हे मी हिला म्हणालो नाही. बावीस वर्षांत तेवढं कळतं.

सईने मध्येच तिची पिढी दाखवली. मायक्रोवेव्हमध्ये दोन टाइल्सच्या मध्ये टीपकागदात फूल ठेवून तीस तीस सेकंद, मध्ये थांबून वाफ जाऊ द्यायची, की मिनिटा-दोन मिनिटांत वाळतं म्हणे. पद्धत खरी आहे. फक्त सईने तीस सेकंदांचे हप्ते न पाडता तीन मिनिटं एकरकमी भरली. धूर, अलार्म, शेजारचे आजोबा नाइटसूटमध्ये अंगणात. पुढचं लिहीत नाही, कारण याच सुमारास सासूबाई आल्या.

सासूबाई सावंतवाडीहून सहा महिन्यांच्या व्हिसावर आल्या आहेत. विमानतळावरून घरात पाऊल टाकलं, चहूकडे पाहिलं, आणि भिंतीवर टाचलेल्या वाळक्या पाकळ्यांपुढे उभ्या राहून लेकीला म्हणाल्या, "ह्या निर्माल्य भिंतीर कित्याक लावतंस गो?" मला त्या क्षणी त्यांच्या पाया पडावंसं वाटलं. पडलोच, नाहीतरी पडायचंच होतं.

पण माझा हा आनंद दोनच दिवस टिकला. तिसऱ्या दिवशी मी ऑफिसातून येऊन बघतो तर मायलेकी जमिनीवर बसून टीपकागद बदलतायत, आणि सासूबाई सांगतायत, "पापड परततंस तसा परत. कडेन धर, मधी नको." त्यांना उभ्या आयुष्यात पॅन्सी माहीत नव्हती, पण वाळवण माहीत होतं. कुठला थर अजून थंड लागतो, म्हणजे ओल आहे, हे त्या गालाला लावून सांगतात. पुस्तकात हे दीड पानात लिहिलंय. शिवाय त्या सुरंगीच्या आणि बकुळीच्या मुलखातल्या. आपण फूल वाळलं म्हणजे संपलं म्हणतो. त्या म्हणतात, बकुळ वाळल्यावरच खरी. त्यांच्या ट्रंकेत साड्यांच्या घडीत बकुळीचा एक जुना सर निघाला, मातकट रंगाचा, गवताच्या दोरीसारखा दिसणारा. हिने तो नाकाशी धरला आणि उरलेली संध्याकाळ ती कुणाशी बोलली नाही. मीही वास घेऊन बघितला. वहिनी, त्याला ना दाबलं होतं, ना फ्रेम केलं होतं, ना त्यासाठी बोल्ट आवळले होते.

आता साबुदाणा.

फूल चपटं न करता आहे तसं गोल वाळवायचं असेल तर सिलिका जेलमध्ये पुरतात. डब्यात तळाला थर द्यायचा, फूल ठेवायचं, पाकळ्या-पाकळ्यांमध्ये हळूहळू ओतत गळ्यापर्यंत भरायचं, झाकण घट्ट. आठवड्याभरात ते सगळं पाणी ओढून घेतं. फुलांसाठी हे वाळूसारखं बारीक मिळतं आणि महाग मिळतं. मी तीन किलो मण्यांचं मागवलं, कारण ते निम्म्या किमतीत होतं. पांढरे गोल मणी, मध्ये मध्ये केशरी. केशरी मणी ओल पिऊन हिरवे झाले की समजायचं, पोट भरलं. मग मंद ओव्हनमध्ये तापवून पाणी उडवायचं, की परत वापरायला तयार. युक्ती इतकी सुंदर आहे की मी सईला त्यावर वीस मिनिटं भाषण दिलं. फक्त मणी मोठे असल्यामुळे गुलाब बाहेर आला तो कांजिण्या झाल्यासारखा, पाकळीपाकळीवर खळगे. बारीक वाळू शेवटी आणावीच लागली. उरलेले मणी मी एका स्टीलच्या डब्यात भरले आणि डबा स्वयंपाकघरातल्या फळीवर ठेवला.

एकादशीच्या आदल्या रात्री सासूबाईंनी तो डबा उघडला. "लंडनात साबुदाणो बरो गावतां," असं म्हणून दोन वाट्या काढल्या आणि वरून पाणी ओतलं.

कोरड्या सिलिका जेलवर पाणी पडलं की ते इतक्या घाईने पिऊ लागतं की मणी तडकून फुटतात. पातेल्यातून तडतड, चटचट आवाज सुरू झाला. सासूबाई दोन पावलं मागे सरल्या आणि रामरक्षा म्हणू लागल्या. मी धावत गेलो तेव्हा पातेलं फोडणीसारखं बोलत होतं आणि केशरी मणी एकेक करून हिरवे पडत होते. आवाज झाला म्हणून बरं, नाहीतर सकाळी कूट घालून खिचडी परतली असती. त्या एकादशीला घरात सगळ्यांनी केळी खाल्ली. हिने मार्कर आणून माझ्या हातात दिला, आणि तेव्हापासून या घरात लेबलाशिवाय काहीही ठेवायचं नाही असा कायदा झाला. मीठ, साखर, डिंक, मी.

लेबलावरून आठवलं. सासूबाईंना फिरवायला म्हणून क्यूच्या बागेत नेलं, आमच्यापासून जवळच आहे. तिथला वाळक्या झाडापानांचा संग्रह जगातल्या सर्वांत मोठ्यांपैकी एक, सत्तर लाखांच्या घरात नमुने. आत आपल्यासारख्यांना सहसा सोडत नाहीत. पण तिथे बसून आपल्या सगळ्या मुंबई इलाख्यातल्या वनस्पतींचा ग्रंथ एकाने लिहिला, १९०१ ते १९०८ या काळात, दोन खंडांत. थिओडोर कुक त्याचं नाव. आणि हा कुक कोण? माझ्या पुण्याच्या इंजिनिअरिंग कॉलेजचा जुना प्रिन्सिपॉल! मुळात रेल्वेचे पूल बांधणारा माणूस, निवृत्त होऊन इथे आला आणि सह्याद्रीतली वाळकी पानं चाळत बसला. हे कळल्यापासून मी ताठ मानेने फिरतोय. इंजिनिअरच्या हातात फूल शोभत नाही म्हणणाऱ्यांना परस्पर उत्तर मिळालं. त्याने टॉर्क रेंच वापरला नसावा, एवढाच आमच्यात फरक.

हिला मात्र कुकपेक्षा त्या कागदांची रीत आवडली. असल्या संग्रहात नुसतं वाळलेलं झाड ठेवत नाहीत. कोपऱ्यात चिठ्ठी असते: नाव काय, कुठे मिळालं, कधी, कुणी गोळा केलं. चिठ्ठी हरवली तर नमुन्याची किंमत जवळजवळ गवताएवढी. परतताना बसमध्ये ही खिडकीबाहेर बघत होती. मला वाटलं, दमली असेल.

शनिवारी तिने गुच्छाची फ्रेम पुरी केली. खरं सांगतो वहिनी, झाली छान आहे. मरून गुलाबाच्या पाकळ्या एकावर एक सारून गुलाब परत उमलवलाय. कार्नेशन विश्वकोशातून सुखरूप निघालं. जिप्सोफिला तर इतका बेमालूम वाळलाय की त्याला मेल्याची बातमी पोचलीच नसावी. मागे बिनआम्लाचा कागद, म्हणजे पिवळा पडायचा नाही, पुढे काच, आणि ऊन येणार नाही अशी भिंत, कारण उन्हात दाबलेली फुलं काही महिन्यांत विटतात. मी चष्मा लावून जवळ गेलो. खाली डाव्या कोपऱ्यात तिच्या सुवाच्य अक्षरात चिठ्ठी:

'नाव: गुच्छ. कुठे मिळाला: सुपरमार्केट, दाराजवळची बादली. कधी: ९ मे, संध्याकाळी सातनंतर. गोळा करणार: नवरा.'

आणि चिठ्ठीच्या शेजारी, छान इस्त्री केल्यासारखं सपाट, कोपरे शाबूत, ते पिवळं लेबल. बारा पौंडांवर काट, खाली तीन. मी ते कोटाच्या खिशात विसरलो होतो आणि कोट धुवायला तिनेच टाकला होता. विश्वकोशाच्या खंडात तेसुद्धा चार आठवडे दाबून ठेवलं होतं.

मी म्हटलं, "अगं, हे कशाला?"

"त्याच्याशिवाय नमुना अपुरा राहतो," ती म्हणाली, आणि सासूबाईंना चहा विचारायला आत गेली.

फ्रेम दिवाणखान्यात आहे. येणारा जाणारा आधी फुलं बघतो, मग वाकून लेबल वाचतो, मग माझ्याकडे बघतो. महाराष्ट्र मंडळातल्या एका गृहस्थांनी हळूच विचारलं, कुठलं सुपरमार्केट आणि नेमकं किती वाजता.

आता ओळी वळायला लागल्या आहेत, कारण पॅन्सी आली. तेव्हा थोडक्यात: हे फूल उन्हात ठेवू नका, आणि दादाला देवावर वाहू देऊ नका, चार आठवड्यांचं शिळं आहे. विश्वकोशाचे उरलेले खंड कुणाबरोबर पाठवू नका, जागा नाही. आणि दादाचं लॉग टेबल माळ्यावर सापडलं तर त्यातल्या चाफ्यालाही एक चिठ्ठी लावून घ्या. नाव, ठिकाण, तारीख, आणि मुख्य म्हणजे कुणासाठी गोळा केला. तो सांगणार नाही. दोन रुपयांचा करार माझ्या बाजूने अजून चालू आहे, पण महागाई लक्षात घेता बोलणी होऊ शकतात.

सासूबाईंचा तुम्हाला नमस्कार, सईचा दोघांनाही. सही फुलाखाली गेली आहे, पाकळी उचलून बघू नका, तुटेल.

आपला,
धाकटा दीर

ता. क. पाकिटातून पांढरा मणी निघाला तर तो ओल धरण्यासाठी आहे. भिजत घालू नका.